नमुना आठ, काळी माती आणि भाडेकरू

पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं गेल्या पोळ्याला मला विचारलं, "मामा, दहा लाख जमलेत. फुलसावंगीत रोडवर दोन गाळे काढू का पुसदला प्लॉट घेऊन ठेवू?" मी म्हटलं, गाळे जिथं उभे राहणार त्या जागेचा कागद घेऊन ये, मग बोलू. तासाभरानं तो आठ-अ घेऊन आला. आठ-अ हा तलाठ्याकडचा उतारा. एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती शेती आहे ते त्यावर असतं. घराच्या, खळ्याच्या, दुकानाच्या जागेशी त्याचा काही संबंध नाही. त्यासाठी लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीतला उतारा. दोन्हींत आठ आहे, म्हणून शिकलेली माणसंही गोंधळतात.

दुसऱ्या दिवशी नमुना 8 आला. मालकाच्या रकान्यात भाच्याच्या आजोबांचं नाव होतं, त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. भोगवटादाराच्या रकान्यात त्याचे वडील होते. बांधकाम विटा-मातीचं, वर टिनपत्रे. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो आणि तो कुणी वाचत नाही. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं की रस्त्याकडची सहा फूट जागा अतिक्रमणात आहे. भाचा शटर लावणार होता ते नेमकं त्या सहा फुटांत.

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी या बाजारपेठेच्या गावात, आणि विदर्भातल्या अशा शेकडो गावांत, मालमत्तेत पैसा घालणाऱ्यानं आधी काय बघावं हे सांगायला मला त्या एका उताऱ्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. शहरातला गुंतवणूकदार भाव चढेल की पडेल याची चिंता करतो. आपल्याकडे भाव हळूच चालतो, माणूस बुडतो तो कागदापायी. इतक्या वर्षांत पाहिलेल्या सौद्यांवरून मी हे सांगतो आहे.

नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. तो कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. सातबाराही मुळात महसुलाची नोंदच आहे. न्यायालयांनी हे इतक्यांदा सांगितलंय की आता कुणाला नवल वाटू नये. मालकी ठरते ती नोंदणीकृत खरेदीखतानं, वाटणीपत्रानं, बक्षीसपत्रानं, मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं. म्हणून विकत घेताना विकणाऱ्याच्या हातातला उतारा बघून थांबू नका. त्याच्याकडे जागा कशी आली ते विचारा आणि त्याच्या आधीच्याकडे कशी आली तेही विचारा. वकील तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगतात तो उगाच नाही. दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक 2 आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघता येते. सातबारा, फेरफार ऑनलाइन मिळतात. गावठाणातल्या घरांसाठी 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. आपल्या विदर्भात जुनी माणसं त्यालाच आखीव पत्रिका म्हणतात. तुमच्या गावाची आखीव पत्रिका निघाली असेल तर तिच्यावरचं क्षेत्र आणि नमुना 8 वरचं क्षेत्र टेप लावून ताडून बघा. फरक निघाला तर सौद्याच्या आधी निघू द्या.

आणखी एक जागा जपून ओळखायची. वऱ्हाडात गायरानाला ई-क्लास म्हणतात. ई-क्लासवर घर बांधून कर भरणाऱ्याचंही नाव नमुना 8 वर असू शकतं. ते घर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. कर भरल्याची पावती तिथं ढाल होत नाही.

आता बहिणी. हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं प्रकरण आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालानं वडील 2005 ला हयात होते की नव्हते हा वादही मिटवला. तरी गावात सौदा ठरतो तो भावाभावांत. खरेदीखताच्या दिवशी एक बहीण नांदेडला, दुसरी दिग्रसला. विकणारा म्हणतो, "त्यायचं काही नाही, त्या येतेतच सहीले." त्या आल्याशिवाय इसार देऊ नका. हक्कसोड पत्र असेल तर ते नोंदणीकृत हवं. कोऱ्या कागदावरच्या संमतीला किंमत नाही. मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर जागा "घेतली" म्हणणारेही पुष्कळ भेटतात. सूरज लॅम्प खटल्यात 11 ऑक्टोबर 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशा कागदांनी मालकी जात नाही.

भाच्याचा दुसरा प्रश्न भाडेकरूचा होता. खरं तर प्रश्न त्याच्या वडिलांचा होता. ओसरीत बसून ते म्हणाले, "बारा वर्सं झाले का भाडेकरू मालक होते, भाऊ. त्यापेक्षा कुलूप बरं." या एका समजापायी आपल्या गावांतली किती घरं वाळवीच्या स्वाधीन झाली असतील! समज अर्धवट ऐकीव आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची गोष्ट आहे, पण ती मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, मालक म्हणून बसलेल्या माणसासाठी. तुमच्या परवानगीनं राहणारा, तुम्हाला भाडं देणारा माणूस तुमची मालकी नाकारू शकत नाही, मग तो बारा वर्षं राहो की तीस. धोका तेव्हा येतो जेव्हा ना करार आहे ना पावती, भाडं घेणं बंद झालंय, मालक पुण्या-मुंबईला आणि घराचा कर तो राहणाराच भरतोय. परवानगी होती हे मग सिद्ध कशानं करणार? म्हणून दर महिन्याला थोडं का होईना भाडं बँकेत येऊ द्या आणि घरपट्टी स्वतः भरा. भाडेकरू वीज मीटरसाठी किंवा दुकानाच्या कागदासाठी नमुना 8 च्या भोगवटादाराच्या रकान्यात नाव लावायला सांगेल. त्याला कराराची नक्कल आणि ना-हरकत द्या, रकाना देऊ नका.

या भीतीचं मूळ नुसत्या अफवेत नाही, ते विदर्भाच्या इतिहासात आहे. यवतमाळ जिल्हा वऱ्हाडातला. 1903 ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि 1956 पर्यंत आपण त्याच कारभारात होतो. त्या काळचा 1949 चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश महाराष्ट्र झाल्यावरही विदर्भातल्या शहरांत चालू राहिला. त्या आदेशाखाली भाडेकरूला जागा सोड म्हणून नोटीस द्यायच्या आधीच मालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. परवानगीची एक लढाई, मग अपील, मग दिवाणी दावा. नागपूर-अमरावतीची जुनी घरं आठवा, दोन पिढ्या त्यातच गेल्या. 31 मार्च 2000 ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू झाला आणि तो आदेश संपला. कायदा संपला तरी आजोबांनी सांगितलेली धास्ती घरात उरली.

नवा कायदा त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या शहर-गावांना लागू आहे. इतरत्र 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. आपली जागा कशाखाली येते ते वकिलाला एकदा विचारून घ्या. नियम मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतात. अकरा महिन्यांचा करार का करतात? एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं 1908 च्या नोंदणी कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याच्या कलम 55 नं ती बंद केली. तो कायदा लागू असेल तिथं अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते गृहीत धरलं जातं. तरी तालुक्याच्या गावी टपरीवर मुद्रांक घेऊन, नोटरीचा शिक्का मारून लोक निश्चिंत होतात. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे आणि ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. एवढ्यासाठी कशाला जीव टांगणीला लावायचा?

भाडं थकलं म्हणून वीज तोडू नका, पाणी बंद करू नका, भाडेकरू शेतावर गेला असताना आपलं कुलूप लावू नका. नवा कायदा लागू असेल तिथं थकबाकीसाठी लेखी नोटीस आणि नव्वद दिवस आहेत. इतरत्र महिन्याच्या भाड्याला पंधरा दिवसांची नोटीस. भाड्याची पावती द्या. वीज मीटर शक्य तर गाळ्यागणिक वेगळं घ्या, कारण बिलाच्या वाटणीवरून भांडण झालं नाही असा वाडा मी पाहिलेला नाही.

फुलसावंगीसारख्या गावात भाडेकरू कोण असतो? शिक्षक, बँकेतला माणूस, आरोग्य केंद्राचा कर्मचारी, कृषी केंद्रवाला, मोबाइल दुरुस्तीवाला, हंगामात कापूस-सोयाबीन साठवायला गोदाम शोधणारा व्यापारी. नोकरदाराला मुख्यालयी राहण्याचं बंधन आहे, पण रस्ते सुधारल्यापासून बरेच जण पुसद-उमरखेडहून येणंजाणं करतात, म्हणून राहत्या खोल्यांची मागणी कमी झाली. जे राहतात ते बदलीच्या महिन्यात जातात, आणि मे-जूनला रिकामी झालेली खोली कधीकधी दिवाळीपर्यंत रिकामी राहते. दुकानदार मात्र गिऱ्हाईक जमलं की हलत नाही. त्याचं भाडं कपाशी घरात आल्यावर एकरकमी येतं. करारातच तसं लिहा, वर्षाचे दोन हप्ते ठरवा. माझ्या मते या गावात राहत्या खोल्यांपेक्षा रस्त्यावरचे गाळे आणि एक कोरडं गोदाम जास्त शहाणपणाचं.

हिशेब मात्र कागदावर मांडून बघा. समजा आठ लाखांत दोन गाळे झाले आणि दोन्हींचं मिळून महिन्याला चार हजार आले. वर्षाचे 48,000, म्हणजे सहा टक्के, असं भाचा आनंदानं म्हणाला. एक महिना रिकामा धरा, 44,000. घरपट्टी-पाणीपट्टी दीड हजार, रंग-शटर-गळतीला चार हजार. उरले 38,500, पाच टक्क्यांपेक्षा थोडे कमीच. बँकेच्या मुदत ठेवीवरचं व्याज आणि हा आकडा शेजारी ठेवा, मग ठरवा. कर्ज काढून गाळे बांधू नका, कारण भाडं हप्त्याला पुरत नाही. स्वतःची जागा असेल, पैसा स्वतःचा असेल आणि गावात आपलं काही उभं राहावं अशी इच्छा असेल तर बांधा. तो आनंद मी कमी लेखत नाही.

बांधायचं ठरलं की मातीकडे या. आपली काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढी भेग पडते, तीच माती घराखाली आहे. दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, दारं अडकायला लागतात, शटर वर चढत नाही. मिस्त्री म्हणतो सिमेंट कमी पडलं. सिमेंटचा दोष नसतो, पाया काळ्या मातीतच थांबवलेला असतो. पायखोदाई खाली मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं याच मातीसाठी तळाला फुगवटा असलेल्या पाइल्सची पद्धत विकसित केली आहे, अभियंत्याला त्याबद्दल विचारा. जोत्याखाली काँक्रीटचा पट्टा घ्या, भराव मुरुमाचा करा, खोदून काढलेली काळी माती परत आत लोटू नका. घराभोवती चारही बाजूंनी फरशीचा उतार काढा म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. पायावर वाचवलेले चाळीस हजार वरच्या भिंतीत दरवर्षी भरावे लागतात.

आणि पाणी. 22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराच्या पाण्यानं वेढा घातला, माणसं अडकली आणि त्यांना बाहेर काढायला आपत्ती दलाची पथकं धावली. त्या पावसाळ्यात पैनगंगेच्या खोऱ्यातल्या नाल्यांनी आपली जुनी वाट दाखवून दिली. प्लॉट घ्यायचा तर उन्हाळ्यात बघू नका, भर आषाढात, दोन दिवसांच्या झडीनंतर जाऊन बघा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा पाणी कुठवर आलं होतं. नाल्याकाठचा प्लॉट नेहमी स्वस्त असतो, त्याचं कारण विकणारा सांगत नाही.

पुसद, उमरखेड, यवतमाळकडे प्लॉट घेणाऱ्यांसाठी थोडं. शेतजमिनीचे तुकडे पाडून गुंठ्यानं विकणं 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली येतं. प्रमाणभूत क्षेत्र आता जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे आहे. शहरी भागातल्या जुन्या तुकड्यांसाठी 2025 मध्ये सरकारनं सवलतीचा निर्णय घेतला, पण ती सवलत पुढे पाडलेल्या कुठल्याही तुकड्याला लागू आहे असा समज करून घेऊ नका. अकृषक आदेश, मंजूर लेआउट आणि सातबारा हे तिन्ही मागा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा लेआउट विकणाऱ्याकडे महारेराचा क्रमांक हवा. सातबारावर भोगवटादार वर्ग-2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार नको. आपल्या जिल्ह्यात आंध, गोंड, कोलाम, परधान शेतकरी पुष्कळ आहेत. त्यांची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून 6 जुलै 1974 पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीचं बंधन आहे. दुसऱ्याच्या नावानं, खोट्या कागदानं अशी जमीन बळकावणं हे पाप आहे आणि ती जमीन मूळ मालकाला परत जाण्याची तरतूदही कायद्यात आहे.

दलाल तुम्हाला रेल्वे दाखवेल. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही 284 किलोमीटरची रेल्वे 2008-09 च्या अर्थसंकल्पात आली. वर्धा ते कळंब गाडी धावली 28 फेब्रुवारी 2024 ला, पंधराहून जास्त वर्षांनी. पुसदच्या स्टेशनाच्या नावावर 2010 मध्ये प्लॉट घेणाऱ्याचं पंधरा वर्षांचं व्याज काढून बघा. शक्तिपीठ महामार्गाच्या रेघेजवळ जमीन शोधणाऱ्यांनाही माझा हाच हिशेब आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन त्यात जाणार आहे त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन कमी भावात सौदा लिहून घेऊ नका, एवढं मात्र मला आवर्जून म्हणायचं आहे.

कराचं थोडक्यात. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा केल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी बिलं दाखवावी लागत नाहीत. गावातली शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्यात दिलेल्या अंतराबाहेर असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हे कित्येकांना ठाऊक नसतं आणि ते घाबरून निम्मे पैसे रोखीत घेतात. जागेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, इसारसुद्धा धनादेशानं किंवा बँकेतूनच घ्या. राहती मालमत्ता किंवा शेती मुलगा, मुलगी, पत्नी यांना बक्षीसपत्रानं द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, बाकी स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. मृत्यूनंतर वारसांना फिरवण्यापेक्षा हयातीत हे करणं सोपं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोचं नाव सातबारावर लावायला गावोगाव माणसं उभी केली होती. यवतमाळ जिल्ह्यात एकट्या पडलेल्या शेतकरी स्त्रियांना कागदावर नाव नसल्यानं काय सोसावं लागलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गाळे बांधाल तर नमुना 8 वर दोघांचं नाव लावा.

भाच्यानं गाळे अजून बांधलेले नाहीत. त्यानं आधी वारस नोंदीचा अर्ज दिला, दोन्ही आत्यांची नावं त्यात घातली, आणि नकाशात शटर सहा फूट मागं घेतलं. गाळा लहान झाला, त्याला वाईट वाटलं, पण आता तो गाळा त्याच्या स्वतःच्या जागेवर राहील.

दिवाळीला घरात सगळे जमलेले असतील. लक्ष्मीपूजनाला पेटी उघडालच, तेव्हा नमुना 8, आठ-अ आणि जुनं खरेदीखत बाहेर काढून एकदा मोठ्यानं वाचा. वारसानं मिळालेल्या शेतीची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते, आपल्यापैकी कित्येकांना तीन दशकं झाली आहेत. भाऊबीजेला बहीण ओवाळायला येईल तेव्हा तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवू नका. तिला तो उतारा वाचायला द्या आणि वारसांच्या यादीत तिचं नाव तिच्यासमोर लिहा.